नसांचं नुकसान आणि डिसेबिलिटी पेन्शन: ठाणे आणि नवी मुंबईतल्या माजी सैनिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लष्कर, नौदल किंवा हवाई दलातून आलेल्या आणि हातापायांत मुंग्या, बधिरपणा, जळजळ किंवा ताकद गेल्याचा त्रास असलेल्या माजी सैनिकांसाठी हे पान आहे. डिसेबिलिटी पेन्शन म्हणजे नोकरीमुळे आलेल्या अपंगत्वाची पेन्शन. त्यांच्या घरच्यांनीही ते वाचावं, कारण कागद बहुतेक वेळा घरचेच सांभाळतात. मी फौजेत क्लार्क होतो. आता कळव्यात राहतो आणि ओळखीपाळखीतल्यांचे पेन्शनचे कागद वाचून देतो. सगळ्यांना पहिल्यांदा एकच गोष्ट सांगतो. तुमच्या नसा खराब आहेत, हे लष्करी डॉक्टरांचं मेडिकल बोर्ड सहसा मान्यच करतं. अडतं ते पुढच्या वाक्यावर, की हे नोकरीमुळे झालं का. म्हणून तुमच्या बाजूने सगळ्यात जास्त बोलतो तो नोकरीत असताना तयार झालेला कागद, मग तो एमआय रूमच्या, म्हणजे युनिटच्या दवाखान्याच्या, चिठ्ठीएवढा का असेना.

नसांचे कोणते त्रास या पेन्शनमध्ये बसतात?

आजारांची ठरलेली यादी नसते. नसेचं नुकसान कसं झालं, हे पाहिलं जातं. गोळी किंवा स्प्लिंटर लागून नस तुटणं हे सगळ्यात सरळ प्रकरण. जड पाठपिशवीचा पट्टा खांद्यात रुतून हाताची ताकद जाणं, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दुखावून पायाचा पंजा न उचलणं, कमरेची चकती सरकून सायटिका होणं, मानेतली नस दबून हाताला मुंग्या येणं, मनगटातली नस दबणं, हेही सगळं यात येतं. बर्फात राहिलेल्यांचं एक वेगळंच दुखणं असतं. हिमदंशाची जखम वरून भरते, कातडी नवी येते, पण आतल्या बारीक नसा तशाच राहतात आणि मुंबईच्या दमट हवेतही बोटं गार आणि बधिर लागतात. मेंदूशी संबंधित फिट्स येणं हे नसांच्या नुकसानापेक्षा वेगळं असलं, तरी कायदा तोच लागतो आणि सर्वोच्च न्यायालयाचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल त्याच आजारावरचा आहे.

दारूमुळे नसा खराब झाल्याची नोंद असेल तर दावा टिकणं फार अवघड असतं. मात्र अशी नोंद कधीकधी सवयीने केली जाते. तुम्ही घेत नसाल आणि तसं लिहिलं गेलं असेल, तर अपिलात त्याला नाव घेऊन विरोध करा.

बोर्डाने टक्केवारी दिली, पण खाली "एनएएनए" लिहून पेन्शन नाकारली. म्हणजे काय?

म्हणजे आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, असं बोर्डाचं मत आहे. नियमात हे दोन दरवाजे वेगळे आहेत, एक सेवेमुळे उद्भवण्याचा आणि दुसरा सेवेमुळे बळावण्याचा. दोघांपैकी एक उघडला तरी पुरतं. कमरेची चकती वयामुळे झिजते हे डॉक्टरांचं म्हणणं खरं असेल. पण तीच झिजलेली कंबर घेऊन तुम्ही डोंगरावर वजन वाहत होतात, लो मेडिकल कॅटेगरी (आजारामुळे खाली आणलेली फिटनेसची श्रेणी) असूनही ड्युटी चालू होती, तर "बळावला" हा मुद्दा जिवंत राहतो. बरेच जण अपिलात फक्त पहिल्याच दरवाजावर धडका देतात आणि दुसऱ्याचा उल्लेखही करत नाहीत.

आता तुमच्या रिलीज मेडिकल बोर्डाची, म्हणजे नोकरीतून सुटताना झालेल्या तपासणीची, प्रत काढा. फॉर्मचं नाव एएफएमएसएफ-१६. त्यात सुरुवातीला तुमच्या पोस्टिंगचा तक्ता असतो, कुठून कुठपर्यंत कोणत्या ठिकाणी होता आणि पुढे पीस (शांततेचं ठाणं) की फील्ड (मोहिमेचा किंवा सीमेकडचा भाग). शेवटाकडे बोर्डाच्या मताचा भाग असतो, आजार, सेवेमुळे का, सेवेमुळे बळावला का आणि कारण. बहुतेक दावे या कारणाच्या रकान्यात अडकलेले असतात. तिथे "प्रकृतिजन्य आजार, सेवेशी संबंध नाही" एवढंच एका ओळीत लिहिलेलं असेल, तर ती तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. संबंध का नाही, हे बोर्डाने सांगितलेलंच नाही आणि न्यायालयांनी अशा विनाकारण मतांना वारंवार नाकारलं आहे.

"नोकरीमुळे झालं" हे मीच सिद्ध करायचं का?

२१ सप्टेंबर २०२३ च्या, म्हणजे नवे नियम लागू होण्याच्या, आधी सुटलेल्यांसाठी उत्तर बऱ्याच अंशी नाही असं आहे. धरमवीर सिंह विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये हे स्वच्छ सांगितलं. तो जवान सिग्नल्समधला, फिट्स येऊ लागल्याने बाहेर काढलेला, अपंगत्व २० टक्के. न्यायालय म्हणालं, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट भरती झाला असंच धरायचं. नंतर तो वैद्यकीय कारणाने बाहेर पडला तर बिघाड सेवेमुळे झाला असं गृहीत धरायचं. तसं नाही म्हणायचं असेल तर ते सरकारने सिद्ध करायचं, आणि भरतीच्या तपासणीत हा आजार का दिसू शकला नाही याची कारणं बोर्डाने लिहायची. संशयाचा फायदा सैनिकाला.

एप्रिल २०२५ मध्ये सियाचीनला राहून आलेल्या आणि १९८९ मध्ये फिट्समुळे घरी पाठवलेल्या एका शिपायाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका पुन्हा घेतली. इतक्या वर्षांनी का होईना, त्याला पेन्शन मिळाली.

पण या निकालांकडे ब्रह्मास्त्र म्हणून पाहू नका. वीस-बावीस वर्षं पूर्ण करून, ठरल्या वेळी सुटलेल्या माणसाच्या बाबतीत समोरची बाजू "याला आजाराने काढलं नव्हतं" हा मुद्दा मांडतेच. तिथे तुमचे स्वतःचे कागद लागतात.

त्रास सुरू झाला तेव्हा पोस्टिंग पीसमध्ये होतं. मग दावा संपला का?

नाही. "आजार पीस स्टेशनला सुरू झाला" हे नकाराचं फार आवडतं कारण आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं, की केवळ या कारणावर पेन्शन नाकारता येत नाही. बोर्डाने आजाराचं दुसरं कारण दाखवायला हवं. ते प्रकरण मधुमेहाचं होतं, त्यामुळे साखरेमुळे नसा गेलेल्यांनी ते आपल्या वकिलाला आवर्जून दाखवावं.

नसेचा आजार एका दिवसात होत नाही, हेही अपिलात लिहा. पीसमध्ये फक्त चिठ्ठी बनली असेल, आधीची सलग वर्षं फील्डमध्ये गेलेली असतील. पोस्टिंगच्या तक्त्यात ते दिसतं.

मला साखर आहे. पायाच्या नसा साखरेने गेल्या म्हणतात. मग आर्मीचा काय संबंध?

इथे दोन पायऱ्या आहेत. आधी मधुमेह सेवेशी जोडायचा, मग मधुमेहाशी नसा. दुसरी पायरी डॉक्टरांच्या दृष्टीने सोपी असते. पहिलीसाठी तारीख महत्त्वाची. लष्करी डॉक्टरांसाठी जी मार्गदर्शिका आहे, तिच्या २००८ च्या आवृत्तीत फील्ड, बंडखोरीविरोधी मोहिमा किंवा अति उंचीच्या भागात असताना सुरू झालेला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह सेवेमुळे बळावला असं मानायची तरतूद आहे. त्यामुळे साखर पहिल्यांदा कधी आणि कुठे सापडली, तो रिपोर्ट शोधा.

बोर्डाने मधुमेह लिहिला आणि नसांचं नावच घेतलं नाही, असंही होतं. रिलीजच्या घाईत "पायाला कमी कळतं" हे सांगायचं राहून जातं. पायाची संवेदना तपासायला वेळ लागतो काय? नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवायचा, कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवायचा, डोळे मिटून "लागतंय का" विचारायचं. पाच मिनिटांचं काम. ज्यांची रिलीज अजून व्हायची आहे, त्यांनी बोर्डासमोर ही तपासणी मागून घ्या आणि निष्कर्ष लिहून घ्या.

पेन्शनच्या पलीकडचं एक सांगतो. तळव्याला कळत नसेल तर रोज रात्री पाय उजेडात बघा किंवा बायकोला, मुलीला बघायला सांगा. एका हवालदाराच्या चपलेत खिळा वर आला होता. दिवसभर तो महापे एमआयडीसीच्या गेटवर उभा होता. संध्याकाळी मोजा काढताना रक्त त्याच्या बायकोला दिसलं, त्याला नाही. अशा जखमा चिघळतात आणि बोट काढायची वेळ येते.

एनसीव्ही नॉर्मल आली. आता कोण विश्वास ठेवणार?

एनसीव्ही मोठ्या नसांमधून वीज किती वेगाने जाते ते मोजते. जळजळ, टोचणी, गरम-गार न कळणं हे काम अगदी बारीक नसांचं, आणि त्या बिघडल्या तरी एनसीव्ही नॉर्मल येऊ शकते. तेव्हा रिपोर्टवर फक्त "नॉर्मल" असेल तर न्यूरोलॉजिस्टकडून तपासणीची सविस्तर टिपण घ्या, कुठे संवेदना कमी, कोणता रिफ्लेक्स गेला, स्नायूंची ताकद पाचपैकी किती. स्नायू सुकला असेल तर दोन्ही पिंढऱ्यांचा घेर टेपने मोजून लिहायला सांगा. या आकड्याला बोर्ड सहज बाजूला सारू शकत नाही.

ब जीवनसत्त्व १२ आणि थायरॉइड तपासलं का, हेही पाहा. यांच्या कमतरतेमुळे होणारा बधिरपणा वेळेत उपचार झाले तर सुधारतो. पेन्शनच्या नादात बरा होणारा आजार अंगावर काढू नका.

कोणते कागद जमवायचे आणि ते मिळतात कुठे?

डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) तर हवेतच. त्याशिवाय भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, कॅटेगरी बदलली असेल तर त्या प्रत्येक बोर्डाचे कागद, हॉस्पिटलची डिस्चार्ज स्लिप, दुखापत झाली असेल तर इंज्युरी रिपोर्ट आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी, आणि रिलीज किंवा इनव्हॅलिडिंग बोर्ड (आजारामुळे नोकरीतून काढतानाचं).

हे सगळं रेकॉर्ड ऑफिसमधून मागायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. नौसैनिकांचं ब्यूरो ऑफ सेलर्स तर मानखुर्दला चीता कॅम्पात आहे. वाशीकरांना ते खाडीपलीकडेच. साध्या अर्जाला उत्तर येत नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं आणि स्वतःचे वैद्यकीय कागद मागायला कोणतंही कारण द्यावं लागत नाही. अर्जात "सर्व कागद" असं मोघम लिहू नका. एकेका कागदाचं नाव आणि शक्य असेल तर वर्ष लिहा.

काहीच सापडत नसेल तर त्या काळात घरी लिहिलेली पत्रं, युनिटमधल्या साथीदारांची शपथपत्रं, रजेवर आल्यावर गावच्या डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी हेही लावा. एकट्याने यांचं वजन कमी, पण सरकारी कागदातल्या एखाद्या ओळीशी जुळलं की वाढतं.

रजेवर असताना अपघात झाला आणि हाताची नस तुटली. मिळेल?

युनिटमधून घरी जाताना किंवा घरून परत येताना झाला असेल तर तो ड्युटीवरचा धरला जातो. रजेच्या मध्यात, स्वतःच्या कामाला जाताना झाला असेल तर सेवेशी काहीतरी संबंध दाखवावा लागतो. तो नसेल तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच अशा दाव्यांना नकार दिला आहे. खोटी आशा कोणी दाखवली तर सावध राहा.

पैसे किती मिळतात?

दोन भाग असतात. नोकरीच्या कालावधीचा सर्व्हिस एलिमेंट आणि अपंगत्वाचा डिसेबिलिटी एलिमेंट. दुसरा भाग १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि त्याखाली त्या प्रमाणात. समजा हिशेबाचा पगार ४०,००० रुपये. १०० टक्क्यांना १२,००० रुपये. २० टक्के अपंगत्वाला २,४०० रुपये.

आता इथे ब्रॉड बँडिंग येतं. ५० टक्क्यांखालचं अपंगत्व ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, आणि ७६ किंवा त्याच्या वर असेल तर १००. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या माणसाला २,४०० ऐवजी ६,००० रुपये. महिन्याला ३,६०० चा फरक, त्यावर महागाई भत्ता वेगळा. हा नियम जानेवारी २००१ च्या आदेशाने आला, तेव्हा आजाराने बाहेर काढलेल्यांपुरताच होता. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो कालावधी पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केला. तुम्ही ठरल्या वेळी सुटलात, जुनी २० किंवा ३० टक्क्यांची पेन्शन आजही तशीच खात्यावर येते आहे, तर पीपीओ काढून बघा. अशी किती माणसं आपल्या हक्काच्या अर्ध्या पैशावर गप्प बसलेली असतील, या विचाराने मला खरंच त्रास होतो.

युद्धात किंवा मोहिमेत जखमी झालेल्यांना वॉर इंज्युरीचा वेगळा आणि मोठा दर आहे. अपंगत्व १०० टक्के असेल आणि कायम कोणीतरी सोबत लागत असेल तर मदतनिसाचा भत्ता मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर तो महिना ६,७५० रुपये ठरला. हा भत्ता आपोआप लागत नाही, वैद्यकीय शिफारस लागते.

माझं अपंगत्व २० टक्क्यांपेक्षा कमी दाखवलं आहे.

आजारामुळे नोकरीतूनच काढलं असेल, तर २०१४ च्या एका निकालाप्रमाणे तुमचं अपंगत्व २० टक्क्यांहून जास्त धरावं लागतं. पण पूर्ण कालावधी करून सुटला असाल आणि बोर्डाने १५ टक्के लिहिले असतील, तर २०१९ च्या निकालाने ती वाट बंद केली आहे. तेव्हा तुम्हाला टक्केवारीलाच आव्हान द्यावं लागेल. दोन-तीन आजार असतील तर एकत्रित आकडा बघा, मात्र १५ आणि १० ची साधी बेरीज बोर्ड करत नाही.

नकार आला. पुढे काय?

पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील. ते नाकारलं तर आणखी सहा महिन्यांत दुसरं. पत्र ज्या लिफाफ्यातून आलं तो टाकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का तुमच्या मुदतीचा पुरावा आहे. अपिलात रडगाणं नको. बोर्डाने दिलेलं कारण एका परिच्छेदात उतरवा आणि खाली ते का चुकीचं आहे ते कागदाच्या तारखेसह लिहा.

दोन्ही अपिलं झाली किंवा सहा महिन्यांत उत्तरच आलं नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. मुंबईचं खंडपीठ मलबार हिलला आहे. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, पुढे टॅक्सी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

निवृत्त होऊन पंधरा-वीस वर्षं झाली. आता उशीर झाला का?

पेन्शन दर महिन्याचा हक्क असल्याने दर महिन्याला अन्याय नव्याने होतो, असं न्यायालयं मानतात. त्यामुळे जुना दावाही ऐकला जातो. थकबाकी मात्र तर्सेम सिंह प्रकरणातल्या २००८ च्या निकालाच्या आधारे अनेकदा अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे तुम्ही अजून एक वर्ष विचार केलात तर एक वर्षाचे पैसे हातचे जाऊ शकतात.

पेन्शन आहे, पण त्रास वाढला. टक्केवारी वाढते का?

अर्ज करून फेरतपासणीचं बोर्ड मागता येतं. रेकॉर्ड ऑफिस तुम्हाला लष्करी रुग्णालयात पाठवतं, आपल्या भागातून ते कुलाब्याचं अश्विनी असू शकतं. जाताना गेल्या काही वर्षांचे न्यूरोलॉजिस्टचे कागद तारखेच्या क्रमाने लावून न्या.

सिक्युरिटीत नोकरी करतो. पेन्शन बंद होईल का?

खासगी नोकरीने डिसेबिलिटी पेन्शन थांबत नाही. वागळे इस्टेटपासून जेएनपीटीपर्यंत कितीतरी माजी सैनिक बारा-बारा तास उभे असतात, म्हणून हे ठासून सांगतो.

सिव्हिल हॉस्पिटलचं यूडीआयडी कार्ड पुरतं का?

नाही. ते २०१६ च्या दिव्यांग कायद्याखालचं कार्ड आहे, रेल्वे सवलत किंवा राज्याच्या योजनांना उपयोगी. संरक्षण खात्याची पेन्शन लष्करी बोर्डावरच ठरते. दोन्ही वेगवेगळे काढा.

२०२३ च्या नव्या नियमांचं काय?

२१ सप्टेंबर २०२३ पासून सुटणाऱ्यांना नवे नियम लागतात. काही बाबतीत नावं बदलली, निकषही कडक झाले. वर दिलेले जुने निकाल आपल्याला जसेच्या तसे लागतील असं त्यांनी धरू नये. त्या आधी निवृत्त झालेल्यांनी मात्र "आता नियम बदलले" असं कोणी सांगितलं तर घाबरू नये.

नवी मुंबईत राहतो, कोणत्या सैनिक कार्यालयात जायचं?

ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात, त्यामुळे ठाण्याचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल, उलवे हे रायगडात, म्हणजे अलिबाग. पत्ता बदलला असेल तर आधी नोंदणी हलवून घ्या, नाहीतर एका टेबलावरून दुसऱ्यावर फिरत राहाल. स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवरचा मोबाइल नंबर आणि बँक खातंही त्याच वेळी तपासा.

एकजण थकबाकीतले निम्मे मागतो आणि काम करून देतो म्हणतो.

देऊ नका. कोऱ्या कागदावर सही नको, मूळ डिस्चार्ज बुक हातात नको, स्पर्शचा पासवर्ड तर कोणालाच नको.

दावा चालू असताना माजी सैनिकाचं निधन झालं तर?

डिसेबिलिटी एलिमेंट त्यांच्याबरोबर थांबतो, पण त्यांच्या हयातीतली थकबाकी वारसांची असते आणि पत्नी तो दावा पुढे चालवू शकते. न्यायाधिकरणात प्रकरण असेल तर वकिलाला लगेच कळवून वारस म्हणून नाव लावून घ्या. मृत्यू त्याच मान्य झालेल्या आजारामुळे झाला असेल तर साध्या फॅमिली पेन्शनच्या ३० टक्क्यांऐवजी ६० टक्क्यांची विशेष फॅमिली पेन्शन मागता येते. त्यासाठी मृत्यूच्या दाखल्यावर कारण नीट लिहिलेलं हवं. दवाखान्यात डॉक्टर दाखला भरत असतानाच त्यांना पीपीओ दाखवा आणि मूळ आजार काय होता ते सांगा. नंतर ती ओळ बदलून घेताना फार खेटे पडतात.